बेटर कॉल सॉल, सीझन ३ भाग ५: चक खरं बोलत होता ना? मग हरला कसा?

कोर्टनाका, ठाणे

नमस्कार मंडळी. काल रात्री ‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा पाचवा भाग पाहिला, ‘चिकेनरी’ नावाचा. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. लेक आणि मी जेवणं आटोपली की रोज एक भाग बघतो. त्याचं सगळं बघून झालंय, मी पहिल्यांदाच बघतेय. म्हणून हात जोडून विनंती, पाचव्या भागाच्या पुढचं काही सांगू नका.

हा भाग २०१७ सालचा, त्यामुळे विसरलेल्यांसाठी थोडी उजळणी करते. जिमी आणि चक हे सख्खे भाऊ, दोघेही वकील. चक मोठा, नामांकित फर्मचा भागीदार. पण त्याला विजेचा त्रास होतो, फोन, दिवा, घड्याळ काहीही जवळ चालत नाही. मेसा वर्दे बँकेचं काम किमच्या, म्हणजे जिमीच्या वकील मैत्रिणीच्या, हातून चकच्या फर्मकडे गेलं, तेव्हा जिमीने चकच्या घरातल्या कागदांवर पत्त्यातला १२१६ हा आकडा बदलून १२६१ केला. सुनावणीत चकची नाचक्की झाली आणि बँक परत किमकडे आली. चकला पक्कं ठाऊक होतं की हे जिमीचं काम आहे. त्याने जिमीकडून ते वदवून घेतलं आणि गुपचूप टेप केलं. टेपचं कळताच जिमीने दार फोडून आत शिरून ती टेप मोडली. या सगळ्यावरून जिमीची सनद राहते की जाते, याची सुनावणी म्हणजे हा भाग.

आणि त्या सुनावणीत होतं काय? जिमी स्वतः चकची उलटतपासणी घेतो. बोलता बोलता विचारतो, आता या खोलीत तुला वीज कुठून जाणवतेय? खिशातून स्वतःचा फोन काढतो. चक हुशार, तो लगेच ओळखतो की फोनमध्ये बॅटरीच नाही. त्याला वाटतं आपण डाव ओळखला. तेव्हा जिमी म्हणतो, कोटाच्या वरच्या खिशात हात घाल. खिशात पूर्ण चार्ज असलेली बॅटरी! ह्यूएल नावाच्या धिप्पाड माणसाने जिन्यात धक्का लागल्याचं निमित्त करून ती सरकवलेली असते. एक तास त्रेचाळीस मिनिटं ती चकच्या छातीशी होती आणि त्याला काहीही जाणवलं नव्हतं.

तिथून चकचा तोल जातो. मी वेडा नाही म्हणून ओरडायला लागतो. आकडा १२१६ होता, मॅग्ना कार्टाच्या (इंग्लंडच्या राजाच्या १२१५ च्या करारनाम्याच्या) पुढचं साल, मी असली चूक करीनच कशी, असं सांगत सुटतो. मग लहानपणापासूनची जिमीची एकेक लबाडी बाहेर काढतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जात राहतो. शेवटी तो गप्प होतो आणि समितीच्या तिघांचे चेहरे बघतो. त्याला कळतं, संपलं.

लेक टाळ्या वाजवत होता. मला रडू येत होतं.

कारण माणूस त्या आकड्याबद्दल शंभर टक्के खरं बोलत होता हो. आकडे बदललेच होते, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. जिमी झेरॉक्सच्या दुकानात रात्रभर बसून कटरने आकडे कापून चिकटवत होता. चक जे जे म्हणाला ते झालेलंच होतं. आणि तरी ते सांगताना तो वेडा दिसला.

मी हे जगलेय, म्हणून सांगते.

मी तीसेक वर्षं कोर्ट नाक्यावर टायपिंग करते. आता कॉम्प्युटर आहे, पण सुरुवात गोदरेजच्या मराठी मशीनवर केली. १९९८ मध्ये एका जमिनीच्या खरेदीखताचं टायपिंग आलं. पाच पानं, हिरव्या लेजर कागदावर. हाताने लिहिलेल्या कच्च्या मसुद्यात सर्व्हे नंबर होता ४६. मी ४६ टाईप केला. आम्ही आकडे दोनदा वाचतो, एकदा मसुद्यावर बोट ठेवून आणि एकदा टाईप झालेल्या कागदावर पट्टी ठेवून. नोंदणी झाल्यावर महिन्याभराने ज्यांच्या ऑफिसचं काम होतं तिथला माणूस दस्त घेऊन माझ्या टेबलावर आला. तिसऱ्या पानावर सर्व्हे नंबर ६४. म्हणाला, ताई, तुमच्या चुकीपायी आमची पार्टी अडकलीय.

मी ते पान हातात घेतलं आणि बघताक्षणी कळलं की हे माझ्या मशीनवरचं नाही. माझ्या मशीनवर सहाचा टाइप थोडा वर बसायचा. ओळीच्या वर, केसभर. दोनदा मेकॅनिककडून बसवून घेतला होता, पुन्हा वर यायचा. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या पानावरचा प्रत्येक सहा वर उचललेला होता. तिसऱ्या पानावरचे सगळे सहा अगदी ओळीत. पान कुठेतरी बदललं होतं. कोणी, कशासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, मला काही फरक दिसत नाही. शेजारच्या टायपिस्ट काकांना दाखवलं, ते म्हणाले असेल बाई. मग मी वापरलेले कार्बन पेपर काढले. कार्बन उजेडासमोर धरला की त्यावर टाईप केलेलं दिसतं, अक्षर निघून गेलेलं असतं तिथून उजेड येतो. पण एक कार्बन आम्ही चार-पाच वेळा वापरायचो, ओळीवर ओळ चढलेली. मला त्यात ४६ दिसत होता. दुसऱ्या कोणालाही दिसत नव्हता. मी त्या ऑफिसात गेले, वकिलांना सहा कसा वर बसतो ते समजावलं, कार्बन ट्यूबलाइटसमोर धरून उभी राहिले. आवाज चढला होता माझा, मी नाकारत नाही. मी जितकी बारकाव्यात शिरत गेले तितके समोरचे गप्प होत गेले. शेवटी वकील फार प्रेमाने म्हणाले, तुम्ही दमलाय, घरी जा, थोडा आराम करा.

चक जेव्हा म्हणतो की मी ही चूक करणारच नाही, आणि समोरची माणसं त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ना, ती नजर मी ओळखते.

चूकदुरुस्तीचा खर्च मी दिला. त्या ऑफिसचं काम गेलं ते गेलंच.

तर माझे दोन प्रश्न आहेत. एक, या भागात जिमी जिंकला याचा आनंद तुम्हाला खरंच होतो का? आणि दुसरा, इथे कोणी वकील असतील तर सांगा, आपल्याकडे असं चाललं असतं का? साक्षीदाराच्या खिशात वस्तू टाकायची आणि मग त्याला विचारायचं?

---

ट्रान्सहार्बर

काकू, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मी जिमीच्या बाजूचा आहे आणि राहणार. ऐरोलीला जॉब आहे, ठाण्याहून रोज ट्रान्सहार्बरने जातो. ही पूर्ण मालिका मी त्या गाडीत दोनदा बघितलीय, त्यामुळे जरा बोलतो.

तुम्ही पहिला सीझन आठवा. सँडपायपर या वृद्धाश्रमांच्या कंपनीविरुद्धची एवढी मोठी केस जिमीने खणून काढली, कचऱ्याच्या डब्यात उतरून कागद गोळा केले. फर्मने केस घेतली आणि त्याला नोकरी नाही दिली. जिमीला वाटत राहिलं की फर्ममधला दुसरा भागीदार हॉवर्ड आडवा आला. आडवा आला होता चक. रात्री गुपचूप जिमीचाच फोन घेऊन त्याने हॉवर्डला सांगितलं होतं, याला घेऊ नका. आणि ते उघडकीला कसं आलं माहितीये? फोनची बॅटरी उतरलेली होती म्हणून. चकला पहिल्यांदा पकडून दिलं ते बॅटरीने आणि शेवटीही बॅटरीनेच. दुसऱ्यांदा बघताना हे लक्षात आलं तेव्हा ऐरोली स्टेशन मागे पडलं होतं, मी रबाळ्याला उतरलो.

बरं, ती टेप कशी मिळवली? खोलीभर चंदेरी कागद लावून, आता माझं सगळं संपलं असं नाटक करून. भावाच्या काळजाला हात घातला आणि कबुली घेतली. जिमी कबूल झाला तो घाबरून, भाऊ जाईल या भीतीने. ही माया होती काकू. चकने तिचा पुरावा केला.

याच भागाची सुरुवात बघा. चकची घटस्फोटित बायको रिबेका जेवायला येते तेव्हा घरात वीज का नाही, तर वीज कंपनीने पत्त्याचा घोळ घातला अशी थाप मारायची, हे ठरवलेलं कोणी? चकने. आणि जेवताना तिला फोन आला तर तिच्या हातातला फोन उडवला आणि वर तिलाच शिष्टाचार शिकवले. म्हणजे आकड्याबाबत तो खरा असेल, पण खरा माणूस म्हणून मी त्याला मान देणार नाही.

मला स्वतःला एक मोठा दादा आहे. त्याच्या कंपनीत मी अर्ज केला होता, नाव शॉर्टलिस्टमध्ये होतं. ते कोणी काढायला लावलं हे मला दीड वर्षाने त्याच्याच मित्राकडून कळलं. अजून विचारलेलं नाही. दिवाळीला एकत्र जेवतो. त्यामुळे चक ओरडत होता तेव्हा मला जिमीचा चेहरा दिसत होता. नीट बघा तुम्ही, तो जिंकल्यावर हसत नाही.

---

बेलापूर कोर्ट

ताई, मी वकील आहे, बेलापूर आणि ठाणे दोन्हीकडे उभा राहतो, १४ वर्षं झाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आपल्याकडे वकिलाविरुद्धची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते, म्हणजे आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. तक्रारीत तथ्य वाटलं तर ती शिस्तपालन समितीकडे पाठवतात. तिथेही तिघेच असतात. साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं, हे दिवाणी कोर्टाचे अधिकार समितीला आहेत. शिक्षा म्हणजे ताकीद, काही काळ सनद निलंबित करणं, किंवा कायमचं नाव काढून टाकणं. वर बार काउन्सिल ऑफ इंडियाकडे अपील आणि त्यावर थेट सुप्रीम कोर्ट. त्यामुळे मालिकेतला सेट बघून मला परकं काही वाटलं नाही. त्यांच्या समितीने जिमीला काय शिक्षा दिली ते सांगत नाही, तुम्ही पुढचा भाग बघणार आहात.

आता टेपचं. गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग आपल्याकडे केवळ गुपचूप आहे म्हणून बाद होत नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सुप्रीम कोर्टाचा १९७२ चा निकाल आम्ही आजही दाखवतो. मुंबईच्या कॉरोनरवरचा (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेचा खटला होता, फोनवरचं बोलणं टेप केलेलं होतं, ते ग्राह्य धरलं गेलं. म्हणजे चकची टेप आपल्याकडेही आत आली असती. त्या टेपवर जिमीने घेतलेला बचावही नीट होता. तो म्हणतो, भाऊ कोसळत होता, त्याला बरं वाटावं म्हणून मी कबूल झालो. आता हे खरं की खोटं, हे कशावरून ठरवणार? भाऊ खरंच कोसळलेला आहे का, यावरून. म्हणून सगळी उलटतपासणी चकच्या मनावर चालते, आकड्यांवर चालत नाही. आकड्यांवर गेला असता तर जिमी हरला असता.

खिशात बॅटरी टाकणं माझ्या मते आपल्याकडे चाललं नसतं. साक्षीदाराचा अपमान करायला किंवा त्याला छळायला विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबवायचा, हे पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून आहे, जुनं कलम १५२. आणि साक्षीदाराच्या अंगावर परस्पर वस्तू ठेवायला माणूस पाठवणाऱ्या वकिलाला मी समितीवर असतो तर त्याच दिवशी दुसरी नोटीस काढली असती.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तो भाग पुन्हा लावा आणि स्फोटाच्या आधीचं अर्धं मिनिट ऐका. बॅटरी निघाल्यावर बार असोसिएशनच्या बाजूचा वकील उठून म्हणतो, साक्षीदाराचा मानसिक आजार इथे मुद्दाच नाही, तो अगदी स्किझोफ्रेनिक असला तरी आरोपीने जे केलं ते केलंच. कायद्याने हे सोळा आणे बरोबर आहे. आपल्या जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ च्या स्पष्टीकरणात हेच आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कलम १२४ मध्ये आलंय. माणसाचं मन आजारी आहे एवढ्यावरून त्याची साक्ष बाद होत नाही. प्रश्न समजत असेल आणि सुसंगत उत्तर देता येत असेल, तर तो साक्षीदार चालतो. म्हणजे त्या क्षणी कायदा चकला वाचवत होता. आजारी आहे पण खरं बोलतोय, एवढं मान्य करून तो बसला असता तर आकडा शाबूत राहिला असता. त्याला तो एक शब्द सहन झाला नाही. तो ओरडायला लागतो ते जिमीच्या प्रश्नावर नाही, स्वतःच्या बाजूच्या वकिलावर.

अजून एक, हे तुम्हाला टायपिस्ट म्हणून पटेल. आपल्या दिवाणी कोर्टात ते भाषण रेकॉर्डवर आलंच नसतं. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराचा आपल्या बाजूने दिलेला पहिला जबाब, २००२ च्या दुरुस्तीपासून प्रतिज्ञापत्रावर येते. उलटतपासणीत साक्षीदार काही बोलला की न्यायाधीश त्याचा सारांश स्टेनोला सांगतात. तीन मिनिटांच्या त्या आक्रोशाचं रेकॉर्डवर झालं असतं, “हे म्हणणे खोटे आहे की मला आकड्याबाबत गैरसमज झाला.” एक ओळ. साक्षीदाराच्या वागण्यावर शेरा मारायचा अधिकार न्यायाधीशांना आहे, आदेश १८ नियम १२, पण तो मी १४ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलाय. अपिलात वरचे न्यायाधीश ती एक ओळ वाचतात. त्यांना चेहरा दिसत नाही. चकसाठी ते बरंच झालं असतं.

---

निवृत्त सिस्टर, वागळे इस्टेट

मी टीव्हीवरचं फारसं लिहीत नाही. पण हा भाग सुनेने दाखवला होता आणि वरची चर्चा वाचून राहवलं नाही. माझी नोकरी ठाण्याच्या मनोरुग्णालयात गेली. हे १९०१ पासूनचं रुग्णालय आहे. मी २७ वर्षं स्त्रियांच्या वॉर्डात होते.

चकला जे होतं ते नाटक नाही, हे आधी सांगते. विजेच्या लहरींनी त्रास होतो असं म्हणणारी माणसं जगभर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये यावर पत्रक काढलं होतं. त्यात म्हटलंय की त्रास खरा असतो, माणूस त्याने पार अंथरुणाला खिळू शकतो, पण त्या त्रासाचा विद्युतचुंबकीय लहरींशी संबंध असल्याचा शास्त्रीय आधार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. लोकांना इथेच अवघड जातं. कारण खोटं निघालं की दुखणं खोटं निघालं असं वाटतं. माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, त्यांना पोटात काचा आहेत असं वाटायचं. काचा नव्हत्या. पण जेवताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा तो मी पदराने पुसलाय.

आता हे बघा. पहिल्या सीझनमध्ये चकला हॉस्पिटलात नेतात तेव्हा तिथली डॉक्टर काय करते? बोलता बोलता त्याच्या नकळत पलंगाचा विजेचा खटका चालू करते. त्याला काही होत नाही. म्हणजे जिमीने जी बॅटरीची चाचणी घेतली ती आधीच झालेली होती आणि जिमी तेव्हा तिथे उभा होता. डॉक्टरने ती उपचारासाठी केली, जिमीला बाजूला घेऊन सांगितलं, भावाला मदतीची गरज आहे. जिमीने त्या वेळी भावाला मनोरुग्णालयात ठेवायला नकार दिला, घरी आणलं, बर्फ, पेपर, सामान पोचवत राहिला. मला तेव्हा तो फार आवडला होता.

आणि तीच गोष्ट त्याने चार माणसांत वापरली. वर रिबेकाला मुद्दाम बोलावून समोर बसवलं, जिच्यापासून चक इतकी वर्षं हे लपवत होता.

आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की रुग्णाचा भ्रम चारचौघांत खोटा पाडायचा नाही. वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही. हात धरायचा, तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय म्हणायचं, आणि डॉक्टर येईपर्यंत जवळ बसायचं. खोटं पाडलं की माणूस बरा होत नाही, एकटा पडतो. त्या खोलीतले दिवे बंद होते, सगळ्यांचे फोन काढून घेतले होते, फक्त दारावरची एक्झिटची पाटी जळत होती. शेवटी चक तिच्याकडे बघतो आणि ती घुमायला लागते. सुनेला वाटलं तो हरला म्हणून संगीत वाजवलंय. मला वाटलं, गेला आता, घरी गेल्यावर याच्याजवळ कोण बसणार.

टायपिस्ट ताई, तुम्ही त्या दिवशी घरी गेल्यावर तुमच्याजवळ कोणी बसलं होतं का?

---

कोर्टनाका, ठाणे

सिस्टर, आई बसली होती. तिला मराठी वाचता येत होतं तेवढंच, टायपिंगमधलं काही कळत नव्हतं. मी पहिलं पान आणि मनाने आठवून तिसरं पान तिला समजावलं. ती म्हणाली, तुझा सहा वर बसतो ना, मग झालं. मला वाटतं त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी कोर्ट नाक्यावर जाऊन मशीनवरचं कापड काढलं.

ट्रान्सहार्बरवाल्या बाळा, तुझं म्हणणं मी काल रात्री पुन्हा लेकाला वाचून दाखवलं. चंदेरी कागदाचं आणि नोकरीचं मी मनाआड केलं होतं, कारण मला आकडाच दिसत होता. जिमी हसत नाही हेही खरं, आज सकाळी तेवढं परत लावून बघितलं. चकबद्दलचं माझं मत बदललं नाही, पण जिमीचा राग थोडा उतरला. तू दादाला विचार. दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

वकीलसाहेब, स्वतःच्या वकिलावर ओरडला हे माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं. मला त्या दिवशी कोणी म्हटलं असतं ना, की बाई दमलेली आहे पण सहाचं तिचं म्हणणं तपासून बघा, तर मला दमलेली म्हटल्याचं काही वाटलं नसतं. तेवढं तरी कोणी म्हणायला हवं होतं.

---

बेलापूर कोर्ट

ताई, एक विचारतो. पुढे चूकदुरुस्तीपत्र नोंदवलं म्हणालात. ते टाईप कोणी केलं?

आणि एक माहिती म्हणून. जमिनीचा नोंदवलेला दस्त दुय्यम निबंधकांकडे पुस्तक क्रमांक १ मध्ये असतो. नोंदणी कायदा १९०८ चं कलम ५७ आहे, फी भरून कोणीही ते पुस्तक बघू शकतं आणि नक्कल मागू शकतं. तुम्ही पक्षकार असायची गरज नाही. दस्त क्रमांक आणि साल हवं.

---

कोर्टनाका, ठाणे

मीच केलं, वकीलसाहेब.

त्याच ऑफिसने पाठवलं. मसुदा त्यांचा होता. “मूळ दस्तात टंकलेखनाच्या चुकीमुळे सर्व्हे नंबर ६४ असा नमूद झाला असून तो ४६ असा वाचावा.” टंकलेखनाच्या चुकीमुळे हे शब्द मी माझ्या हाताने टाईप केले. तीन प्रती. लेक तेव्हा आठ महिन्यांचा होता, मला भांडण वाढवायचं नव्हतं. त्या दोन शब्दांवर हात थांबला होता. मागच्या रांगेतल्या काकांनी वळून बघितलं, कारण मशीनचा आवाज बंद झाला.

दस्त क्रमांक माझ्या जुन्या वहीत आहे, दोन्ही दस्तांचा. आम्ही टायपिस्ट वह्या टाकत नाही. कलम ५७ मला इतकी वर्षं माहीत होतं, लोकांचे नकलेचे अर्ज मीच टाईप करून देते. स्वतःसाठी करावा असं कधी सुचलं नाही.

चूकदुरुस्तीपत्रावर एकूण सात सहा आहेत, ६४ मधला, ४६ मधला, तारखेतला, पत्त्यातले. मला ते आजही पाठ आहेत. सातही ओळीच्या वर बसलेले असणार. मूळ दस्ताचं तिसरं पान शेजारी ठेवलं की झालं. सोमवारी अर्ज टाकते. नक्कल हातात आली की इथेच लिहीन. तोवर सहावा भाग बघून घेते, लेक थांबलाय.